"बघतो, कळवतो"

२०२५ च्या जुलैत पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीला २० किलोवॉट सोलरचं कोटेशन दिलं. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे. सामायिक वापरासाठी सोसायट्यांना किलोवॉटमागे १८,००० अनुदान मिळतं, म्हणजे ३ लाख ६० हजार. तो आकडा मी ठळक टाकला होता. सेक्रेटरी काका बँकेतून निवृत्त झालेले. "कमिटीत ठेवतो" म्हणाले आणि गप्प.

मग दर सोमवारी माझा मेसेज: "काका, काही ठरलं का?" निळ्या खुणा लगेच उमटायच्या, उत्तर ठरलेलं: "बघतो, कळवतो." पाचव्यांदा टाइप करताना मलाच वसुलीवाला झाल्यासारखं वाटलं.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कौन्सिलने सोलरच्या सामानावरचा कर १२ वरून ५ टक्के केला, २२ तारखेपासून. आमच्या कामात ७० टक्के रक्कम सामानाची, ३० टक्के सेवेची धरतात आणि सेवेवर १८ तसाच. एकूण कर १३.८ वरून ८.९ वर आला. रात्रीच नवं कोटेशन काढलं आणि दुसऱ्या दिवशी न कळवता जाऊन धडकलो.

काकांनी कपाटातून माझं जुनं कोटेशन काढलं. पानभर पेन्सिलीच्या खुणा. पॅनेल ज्यावर बसतात त्या स्ट्रक्चरच्या ओळीखाली दोन रेघा आणि शेजारी बारीक अक्षरात "भोकं?" गच्चीचं वॉटरप्रूफिंग मागच्याच वर्षी झालेलं, स्लॅबला ड्रिल लागलं की ठेकेदार गॅरंटीवर हात वर करणार.

"अहो, मग विचारायचं ना!"

"तुम्ही ठरलं का एवढंच विचारता. ठरलं नव्हतं."

वर गेलो, टेप लावली. भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर बसतं, पण वजन वाढतं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावं लागेल, हेही सांगून टाकलं. करात वाचलेलं बरंचसं त्यातच गेलं. काका म्हणाले, "शुक्रवारपर्यंत लेखी द्या. वार्षिक सभा २८ ला, चौदा दिवस आधी नोटीस निघते. अजेंड्यावर नसलं तर पुढच्या वर्षी या." हे जुलैत विचारलं असतं तर पाच सोमवार वाचले असते.

२८ ला गणसंख्या भरली नाही, सभा अर्धा तास तहकूब. मी मागच्या खुर्चीवर चहा घेत अनुदान, कर, ठोकळ्यांचं वजन घोकत होतो. सभा सुरू झाली आणि पहिला हात वर गेला तो तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा.

"दोन हजार फूट गच्ची तुम्ही घेणार. उन्हाळ्यात कुरडया कुठे घालायच्या?"