पूल झाला, तरी अनिनी लांबच

अरुणाचल म्हटलं की आपल्याकडची मंडळी तवांगला जातात. मला ओढ होती ती पूर्वेकडच्या दिबांग खोऱ्याची. तिथलं अनिनी हे जिल्ह्याचं ठिकाण. त्यापुढे डोंगर आणि मग तिबेट.

आसामातल्या तिनसुकियाहून निघाल्यावर ढोल्याला लोहित नदीवरचा भूपेन हजारिका सेतू लागतो. लांबी 9.15 किलोमीटर. 2017 पर्यंत इथे फक्त होडी, तीही दिवसाउजेडी, आणि पुराच्या दिवसांत तीसुद्धा बंद. पलीकडचं जुनं सदिया 1950च्या भूकंपानंतर नदीनेच गिळलं. आता तेच पात्र गाडी काही मिनिटांत ओलांडते.

पुढे शांतिपूरच्या नाक्यावर इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना अरुणाचलात शिरण्याचा परवाना, तपासतात. ते ऑनलाइन निघतं, पण छापील प्रत जवळ असलेली बरी. हा 1873च्या कायद्यातून आलेला नियम काहींना जाच वाटतो. मला तो पटतो. 2011च्या जनगणनेत नऊ हजार चौरस किलोमीटरच्या दिबांग व्हॅली जिल्ह्यात माणसं होती अवघी 8,004, बहुतेक इदू मिश्मी या स्थानिक जमातीची. बाहेरच्यांची रीघ लागली, तर आपल्याच मुलखात ते उपरे होतील.

खरा प्रवास पुढच्या रोइंग गावानंतरचा. अनिनीपर्यंत सव्वादोनशे किलोमीटर, शेअर सुमोने अख्खा दिवस. रस्ता 2,655 मीटरवरच्या मायोदिया खिंडीत चढतो (हिवाळ्यात इथे बर्फ असतं), मग हुनलीकडे उतरतो आणि पुन्हा नदीच्या कडेने वर. हे डोंगर अजून घट्ट झालेले नाहीत, पाऊसही भरपूर. त्यामुळे दरडी कोसळतच राहतात. आमच्या वाटेतही एक कोसळली होती. जेसीबी माती ओढत होता, आम्ही थांबून होतो. माझ्या शेजारच्या इदू आजी डिब्रुगडच्या दवाखान्यातून परतत होत्या. हिंदीत म्हणाल्या, जाताना याहून जास्त वेळ अडकलो होतो, आणि तेव्हा ताप अंगात होता. त्या वळणांवरून दरीचे फोटो काढायचं माझ्याच्याने पुढे झालं नाही. खोऱ्यात तांदूळ, गॅस, औषधं, सगळं याच रस्त्याने येतं.

अनिनी द्री आणि माथुन या नद्यांच्या मधल्या पठारावर आहे. उजाडतं फार लवकर, अंधारही लवकर पडतो. फिरणं पहाटेच सुरू करा. पावसाळा टाळा, ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. आणि परतीचं विमान अनिनी सोडल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका. मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा.