मेंढपाळ दिसला, की आधी क्षितिज बघा

सतराव्या शतकातल्या युरोपीय निसर्गचित्रांचे छाप चाळताना झाडाखाली बसलेला मेंढपाळ दिसतो आणि 'साधंभोळं खेडं' म्हणून आपण पान उलटतो. त्या काळच्या गिऱ्हाइकाला तो एवढा साधा नव्हता. लॅटिन शिकलेल्याला त्यात रोमन कवी व्हर्जिलच्या गोपकवितांमधला आर्केडिया, म्हणजे मेंढपाळांचा सुखी कल्पित प्रदेश, दिसे. भाविकाला ख्रिस्तजन्माची बातमी पहिल्यांदा ऐकणारा मेंढपाळ, नाहीतर कळप राखणारा खुद्द ख्रिस्त. कुठला अर्थ घ्यायचा ते मेंढपाळापेक्षा त्याच्या भोवतालावरून जास्त कळतं.

रोममध्ये काम करणाऱ्या फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँचं १६३६ सालचं 'गुराखी' हे एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा खोदून घेतलेला छाप, घ्या. पत्रा जेमतेम १३ बाय २० सेंटिमीटर. गुराखी एका कडेला बसून पावा वाजवतोय आणि गुरं पाण्यातून चालली आहेत. हाकारा नाही, काठी उगारलेली नाही. माणूस आणि निसर्ग यांच्यात ओढाताण नसलेला तो सुवर्णकाळ इथे कलत्या उन्हातून उभा राहतो, आणि हे ऊन म्हणजे तांब्यावरच्या अगदी उथळ रेघा आहेत.

त्या अशा होतात. पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने चित्र कोरायचं, मग पत्रा आम्लात सोडायचा. थोड्याच वेळात बाहेर काढून दूरच्या डोंगर-आकाशाच्या रेघा वार्निशने झाकायच्या आणि पत्रा पुन्हा आम्लात घालायचा. पुढची झाडं जास्त वेळ खाल्ली जातात, खोल होतात, जास्त शाई धरतात. तांबं मऊ असतं. दर छापाला पुसणं आणि रुळाचा दाब यांनी ते झिजतं आणि उथळ रेघा आधी जातात. म्हणून उशिराच्या छापात क्षितिज पांढरं पडतं, झाडं काळ्या कातरकामासारखी उरतात. गुराखी तोच, पण सुवर्णकाळ गायब! अशा छापावरून चित्राचा अर्थ लावू नये.

डच चित्रकार रेम्ब्राँकडे तर निसर्ग आसरा देतच नाही. १६३४ च्या एचिंगमध्ये रात्री देवदूत प्रकटतो आणि मेंढपाळ, गुरं वाट फुटेल तिकडे पळत सुटतात. १६४२ च्या चित्रातला पावेवाला आणखी वेगळा: खांद्यावर घुबड, शेजारी फुलांची माळ गुंफणारी मुलगी, आणि याची नजर नको तिथे. आर्केडियाची ही सरळसरळ टिंगल आहे.

पडक्या खांबांजवळ गुरं दिसली की 'वैभव नश्वर असतं' हे वाक्य तयारच असतं. जरा थांबा. रोमच्या प्राचीन फोरमला तेव्हा काम्पो व्हाच्चीनो, म्हणजे गाईंचं मैदान, म्हणत. लोरँने त्याचंही एचिंग १६३६ मध्येच केलं. अवशेषांत गुरं चरणं हे तिथलं रोजचं दृश्य होतं. प्रतीक असेलही, पण आधी ते वास्तव आहे.

छाप हाती आला तर दहापट भिंगाखाली क्षितिजाच्या रेघा तपासा. आम्लाने खाल्लेल्या रेघेचं टोक बोथट असतं, ब्युरिनने, म्हणजे धातू कोरायच्या टोकदार हत्याराने, थेट कोरलेली रेघ टोकाला निमुळती होत जाते. झिजलेला पत्रा चालवण्यासाठी कधीकधी रेघा अशा पुन्हा कोरल्या जात. एरवी एचिंग असलेल्या छापात दूरच्या डोंगरांवरच अशा निमुळत्या, गडद रेघा सापडल्या तर दुरुस्तीची शंका घ्यायला जागा आहे.