अर्नाळा ते रायगड : ठाण्यातल्या दोन रात्री

माजिवड्याच्या पुलाखाली डाव्या बुटाचा सोल पुढून सुटला. पाऊल उचललं की लोंबायचा, टेकलं की फटकन आपटायचा. सॅकमधली नायलॉनची दोरी काढून बुटाला दोन वेढे मारले आणि तशीच शहरात शिरले.

चालणं अर्नाळ्यापासून सुरू केलं होतं. जानेवारीचा दुसरा आठवडा. अर्नाळा, वसई, घोडबंदर, ठाणे, बेलापूर, कर्नाळा असे किल्ले जोडत रायगडापर्यंत पायी जायचं, प्रत्येक किल्ल्याच्या एका तरी दगडाला हात लावायचा, एवढाच बेत. वसईहून भाईंदरला खाडी रो-रोने ओलांडली. तिसरा दिवस घोडबंदर ते ठाणे. गायमुखापर्यंत डावीकडे खाडी आणि उजवीकडे येऊरचं जंगल, त्यामुळे पाय चालत राहतात. कासारवडवलीनंतर मात्र मेट्रोचे खांब, धूळ आणि डंपर. डांबरावर डोंगरापेक्षा पाय लवकर पोळतात. टाचेला फोड आलाय हे दुपारीच कळलं होतं, पण बूट काढून बघायचा धीर होत नव्हता.

स्टेशनजवळच्या दोन लॉजवर एकच उत्तर मिळालं, “एकट्या लेडीजला रूम देत नाही.” ओळखपत्र दाखवलं, तरी मान हललीच नाही. मला फार वाईट वाटलं. तीन दिवस उघड्या रस्त्यावर निर्धास्त चालले आणि इथे चार भिंतींपाशी येऊन अडले. मासुंद्याच्या कट्ट्यावर थोडी बसले. मग म्हटलं, आधी बूट तरी करून घेऊ.

जांभळी नाक्यावर फुटपाथच्या कडेला एक काका बूट-चपला शिवायला बसले होते. त्यांनी बूट हातात घेतला, पण सुटलेल्या टोकाकडे पाहिलंच नाही. आधी उलटा करून टाच बघितली. अंगठा तिच्यावरून फिरवला आणि म्हणाले, “ताई, डाव्या पायाचा भार तुम्ही बाहेर टाकता. इथं बघा, कड किती घासलीय. आत फोड आला असणार.”

मी थक्क झाले. माझा पाय त्यांनी पाहिलाही नव्हता.

त्यांनी सोलच्या आतली माती ब्रशने काढली, दोन्ही बाजूंना सोल्युशन लावलं आणि ते सुकेपर्यंत दोऱ्याला मेण चोळत बसले. मग आरी घातली. एक टाका घेतला की दोरा दोन्ही हातांनी ओढायचे, इतका की चामडं जरासं आत जायचं. पुढचा भाग झाल्यावर टाचेच्या बाहेरच्या कडेला रबराची एक बारीक पट्टी बसवली, चार चुका ठोकल्या. नंतर न विचारता उजवा बूट ओढून घेतला. “हाही दोन दिवसांत सुटेल,” एवढंच म्हणाले. पैसे डाव्याचेच घेतले. मी उजव्याचे पुढे केले तर म्हणाले, “तो कुठं फाटला होता?”

चपलेचा अंगठा तुटला म्हणून बाजूला एक आजी थांबल्या होत्या. नऊवारी साडी, हातात रिकामी पाटी. सगळं ऐकत होत्या.

“कुठं चाललीस बाय?”

“रायगडला. चालत.”

“नवस हाय?”

“नाही आजी. किल्ले बघत चाललेय.”

त्यांनी जरा विचार केला. “आमची पोरं चैतात एकवीरा आईला पालखी घेऊन जातात, चालत. त्यांना वाटेत कोण ना कोण जेवायला घालतंच. तू जेवलीस?”

सकाळच्या पोह्यांवर होते. मी काही बोलायच्या आत त्या उठल्या. “चल. घर चेंदणीला हाय.”

चेंदणी कोळीवाड्याचे रेल्वेने दोन भाग केले आहेत आणि आजींचं घर पूर्वेला. म्हणजे संध्याकाळी साडेसहाला ठाणे स्टेशनचा पूल ओलांडायचा. ज्यांनी ती गर्दी पाहिलीय त्यांना सांगायला नको. मी कठड्याला धरून लंगडत होते. डब्याची बॅग पाठीवर असलेला एक मुलगा मागून आला, माझा पाय बघितला आणि माझ्या डाव्या अंगाला येऊन माझ्याच चालीने चालू लागला. अंगावर येणारी गर्दी त्याच्या खांद्याला लागून पलीकडे सरकत होती. जिना उतरल्यावर मी आभार मानायला वळले, तोवर तो परत जिना चढत होता. त्याला पूर्वेला यायचंच नव्हतं.

हे लिहितानाही मला भरून येतं.

आजींच्या घरी त्या रात्री तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण होतं. कालवण मला झेपणार नाही असं वाटून सुनेने वाटीत वेगळा रस्सा काढला आणि त्यात नारळाचं दूध घातलं. आजी सांगत होत्या, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी समोरच्या खाडीत मासा होता, आता माल भाऊच्या धक्क्यावरून आणावा लागतो. पहाटे निघायचं, टोपली घेऊन पहिल्या गाडीने परत. आणि त्या दिवशी त्या आपली तुटकी चप्पल सोडून माझ्या बुटाकडे बघत उभ्या राहिल्या होत्या!

नातू पालखीबरोबर तीनदा कार्ल्याला जाऊन आलेला. त्याने सुई डेटॉलमध्ये बुडवली, फोडाला अगदी कडेला टोचली आणि स्वच्छ कापसाने पाणी टिपून घेतलं. “वरचं कातडं काढायचं नाही. तेच औषध.” वर पट्टी बांधली आणि मोजे उलटे करून दिले, शिवण बाहेरच्या बाजूला. इतकी वर्षं ट्रेक करतेय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी आजींनी निघू दिलं नाही. “पाय बसू दे.” म्हणून एक दिवस ठाण्यात.

हळूहळू चालत मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. १८९३ सालची संस्था. मी सभासद नाही, तरी वाचनकक्षातल्या गृहस्थांनी ठाण्याच्या किल्ल्यावरची दोन पुस्तकं आणून ठेवली. पाय टेकवताना तोंड वाकडं झालं असावं, कारण समोर वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका आजोबांनी मान वर न करता शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. पाय वर घेऊन दोन तास वाचलं. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकलं. वसई पडायला मात्र १७३९ चा मे उजाडला. १७७४ च्या शेवटी किल्ला इंग्रजांकडे गेला. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यात कैदेत होता आणि १८१६ मध्ये निसटला. खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतून त्याला पळायची वाट कळवायचा, असं सांगतात. माणूस गेल्यावर ते गाणं कशाबद्दल होतं, हे साहेबांच्या लक्षात आलं.

आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. आत जाता येत नाही हे माहीत होतं, पण बेत मोडायचा नव्हता. भिंतीजवळ रेंगाळणारी बाई बघून पहाऱ्यावरचा शिपाई पुढे आला. मी खरं ते सांगितलं. तो गंभीरपणे ऐकत होता.

“फोटो नाही काढायचा.”

“नाही काढणार.”

“मग हात लावा. पटकन.”

काळा दगड उन्हाने तापला होता. मी तळवा टेकवला. त्याने तेवढा वेळ रस्त्याकडे तोंड केलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे आजी धक्क्यावर जायला निघाल्या, त्यांच्याबरोबरच मी बाहेर पडले. फडक्यात दोन भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली होती. पैसे पुढे करायची हिंमत झाली नाही, बरं झालं. कळव्याचा पूल ओलांडून बेलापूर, पनवेल, कर्नाळा, पेण, मग कोलाड, माणगाव. पुढचे नऊ दिवस मी कुठेच अडले नाही. भाकऱ्या बेलापूरच्या किल्ल्यावर खाल्ल्या, चटणी पेणपर्यंत पुरवली.

परतीला महाडहून एसटीने ठाण्यात उतरले. घरी जायची गाडी रात्रीची होती, म्हणून आधी चेंदणीला आणि मग जांभळी नाक्यावर. काकांनी मला ओळखलं की बुटांना, कोण जाणे. हात पुढे केला, मी डावा बूट काढून दिला. त्यांनी तो उलटा केला. टाका एकही सुटला नव्हता, पण ते टाके बघतच नव्हते. टाचेच्या पट्टीवरून अंगठा फिरवला, एकदा आतून, एकदा बाहेरून.

“आता सारखी झिजलीय,” म्हणाले, आणि बूट माझ्या हातात दिला.