आमची वाटचाल: तबकडी न फुटता पोचवणारा खोका

पुण्यातल्या नऱ्ह्याच्या आमच्या गाळ्यातून मिठाईचे, बुटांचे, औषधांचे पुठ्ठ्याचे खोके रोज बाहेर पडतात. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. 3 प्लायची, म्हणजे कागदाच्या तीन थरांची शीट, घड्या, स्टिचिंगच्या चार पिना, झालं काम. आमचं नाव झालं ते पोस्टानं आणि कुरिअरनं जाणाऱ्या सपाट, नाजूक मालामुळे: ग्रामोफोनच्या तबकड्या, छापील चित्रं, जुने नकाशे, काचेच्या फ्रेमा. या कामाला आम्हाला लावलं मिरजेच्या मास्तरांनी, आणि याच कामावरून पुढे आमच्या पोटावर पाय आला. दोन्ही गोष्टी नोंदवून ठेवतो.

मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या जमवणारे आणि इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मराठी संग्राहकांशी देवाणघेवाण करणारे. नाट्यसंगीताची लाखेची तबकडी फुटली तर कोलकात्याजवळचा ग्रामोफोन कंपनीचा दमदमचा कारखाना ती पुन्हा काढून देणार नाही. त्यामुळे ‘जरा मजबूत खोका द्या’ अशी मोघम ऑर्डर त्यांनी कधी दिली नाही. माप आणि कागद, दोन्ही लिहून आणत. आजही आणतात, आणि बिल त्याच दिवशी चुकतं करतात.

लाखेची तबकडी वाकत नाही, थेट मोडते. एलपी, म्हणजे नंतरची विनाइल प्लॅस्टिकची मोठी रेकॉर्ड, थोडी वाकून सावरते, म्हणून दोघींचं पॅकिंग वेगळं. दहा इंची लाखेची तबकडी 25.4 सेंटिमीटरची आणि वजनाला पाव किलोच्या आसपास. प्रत्येकीला कागदी पाकीट आणि दर दोन तबकड्यांमध्ये 28 सेंटिमीटर चौरस पुठ्ठा. पुठ्ठा तबकडीपेक्षा चहूकडून सव्वा सेंटिमीटर मोठा राहतो, म्हणजे कडेवर धक्का बसला तर आधी पुठ्ठा चेपतो. दहा तबकड्यांची थप्पी झाली की खाली-वर दोन-दोन पुठ्ठे, पण एकाच्या नळ्या (पुठ्ठ्याच्या आतल्या लाटदार कागदाच्या) उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या. कोरुगेटेड शीट नळीच्या रेषेवर सहज दुमडते, नळीला आडवी दुमडत नाही. दोन शीट काटकोनात चिकटवल्या की कुठूनच दुमडत नाहीत. हे न करता एकाच दिशेचे चार पुठ्ठे लावणारे लोक आहेत, आणि चारही पुठ्ठे त्यांना एकाच रेषेवर मोडलेले मिळतात.

ही थप्पी टेपनं घट्ट बांधायची, इतकी की आत तबकडीवर तबकडी सरकू नये. मग 38 × 38 × 17 सेंटिमीटरच्या 5 प्लाय खोक्यात ती मधोमध, सहाही बाजूंनी 5 सेंटिमीटर भर देऊन. वर्तमानपत्राचे बोळे भर म्हणून चालत नाहीत. टेम्पोच्या दोन तासांच्या हादऱ्यांत ते बसतात आणि थप्पी एका कोपऱ्यात जाऊन टेकते. 2018 च्या राज्याच्या प्लॅस्टिकबंदीनंतर बरेच ग्राहक कागदी भर मागायला लागले, तेव्हापासून आम्ही पुठ्ठ्याच्याच घड्यांच्या गाद्या देतो. बंद खोका कानाशी धरून हलवा. आत काहीही वाजलं तर पुन्हा उघडा.

आता भाड्याचा हिशेब. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 नं भागतात. माप बाहेरचं धरतात, त्यामुळे या खोक्याचं उत्तर 5.8 च्या आसपास येतं. खरं वजन चार किलोच्या आत असलं तरी भाडं सहा किलोचं. इथेच लोकांचा हात आखडतो आणि 5 सेंटिमीटरची भर 2 वर येते. मास्तरांचा उपाय साधा होता: पाच तबकड्या पाठवायच्याच नाहीत, दहा होईपर्यंत थांबायचं. पाचांच्या खोक्यालाही पाच किलोचं भाडं पडतं, मग फायदा काय?

एलपीची गोष्ट निराळी. विकत घेणारे रेकॉर्डइतकाच तिच्या जॅकेटवर, म्हणजे बाहेरच्या छापील पाकिटावर, जीव टाकतात. रेकॉर्ड जॅकेटमध्ये ठेवून पाठवली आणि पाकीट कडेवर आपटलं, की आतली रेकॉर्ड जॅकेटची शिवण फाडून बाहेर येते. म्हणून आतल्या कागदी पाकिटासकट रेकॉर्ड बाहेर काढायची, जॅकेटच्या मागे ठेवायची आणि दोन्हींवर मिळून प्लॅस्टिकचं एक आवरण. बबल रॅप थेट रेकॉर्डला लावू नये. मे महिन्यात टेम्पोच्या टपाखाली तापला की बुडबुड्यांचे ठसे विनाइलवर उमटू शकतात.

यासाठी आमचा डाय-कट मेलर, म्हणजे पात्यांच्या साच्यानं (डायनं) कापलेलं पुठ्ठ्याचं टपाली पाकीट. एकाच शीटचा, चारही कडांना 2 सेंटिमीटर मोकळी पोकळी सोडून घडी पडणारा. कोपरा चेपला तर ती पोकळी चेपते, जॅकेटचा कोपरा शाबूत राहतो. याचा डाय 18 मिलिमीटर प्लायवुडचा, त्यात 23.8 मिलिमीटर उंचीची पोलादी पाती. घड्यांची पाती त्याहून बुटकी, कारण त्यांनी कापायचं नसतं, नुसतं दाबायचं असतं. पात्यांच्या दोन्ही बाजूंना रबराच्या पट्ट्या, नाहीतर कापलेली शीट डायलाच चिकटून बसते. हा डाय घासला की घडी बिघडायच्या आधी कडा बिघडते. कापाच्या रेषेवर लव येते, ती झडते आणि तो भुगा थेट रेकॉर्डच्या खाचांत जातो. मिठाईच्या खोक्याला ही लव कुणी पाहत नाही. म्हणून आमच्याकडे मेलरचा डाय वेगळा, आणि त्यावर दुसरं कुठलंही काम चढत नाही. पंचिंगवरचा, म्हणजे डायनं शीट कापणारा नवा मुलगा पहिल्यांदा हेच विचारतो की चांगला डाय असा रिकामा का ठेवलाय.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

मेलर चालायला लागला तसा एक मोठा ग्राहक मिळाला, ऑनलाइन रेकॉर्ड विकणारा. धंद्याचा मोठा भाग त्याच्यावर उभा राहिला. 2020 च्या टाळेबंदीत गाळा बंद, आणि उघडला तेव्हा कागद भडकलेला. चीननं 1 जानेवारी 2021 पासून रद्दीची आयात बंद केली, तिकडे खोक्याच्या क्राफ्ट कागदाचे रोल कमी पडायला लागले आणि आपल्या कागद गिरण्यांचा माल निर्यातीला लागला. इथल्या खोकेवाल्याला भाव ऐकून घ्यायचा आणि गप्प बसायचं. आम्ही दर वाढवून मागितला. ग्राहकानं आमचाच नमुना उचलून दुसऱ्या कारखान्याला दिला. तिथे त्यावरून डाय निघाला, घडीन् घडी आमची.

दिसायला तो मेलर आमच्यापेक्षा देखणा. वरून गोल्डन क्राफ्ट, रंग एकसारखा. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ते कुठे कळतं तर आकड्यात. जीएसएम म्हणजे चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बीएफ (बर्स्ट फॅक्टर) म्हणजे फुटेपर्यंत दाब सोसायच्या ताकदीचा आकडा. आमचे तिन्ही कागद 150 जीएसएम, 18 बीएफ. बीएफला जीएसएमनं गुणून 1000 नं भागलं की एका कागदाचे 2.7 होतात. दोन लायनरचे (बाहेरच्या सपाट कागदांचे) 5.4, मधल्या फ्लूटचे (नळ्यांच्या कागदाचे) निम्मे धरायचे म्हणजे 1.35. एकूण 6.75 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. त्यांचा बाहेरचा कागद 120 जीएसएम, 16 बीएफ आणि आतले दोन्ही 100 जीएसएम, 14 बीएफ. बेरीज करा, जेमतेम 4 येते. दाब देऊन पुठ्ठा फोडणाऱ्या बर्स्टिंग टेस्टरवर लावलं तर काटाही तिथेच थांबतो. प्लाय तीनच, फ्लूट ‘बी’ प्रकारचाच, जाडी तीच 3 मिलिमीटर. बोटानं दाबून फरक कळत नाही, पावसाळ्यात मात्र कळतो. पुठ्ठा ओल धरतो आणि भर पावसात थप्पीचा भार सोसायची ताकद निम्म्यावर येऊ शकते. मुळातच जो काठावर आहे त्याचं निम्मं म्हणजे काय उरतं?

जॅकेटचे कोपरे चेपून माल परत येऊ लागला, आणि डिझाइन आमचं म्हणून बोलणी आम्हालाच. शेवटची बिलंही अडकवली. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी असेल तर 45 दिवसांत पैसे देण्याचं बंधन कायद्यात आहे, हे छोट्या कारखानदारांनी माहीत करून घ्यावं. तो कायदा दाखवला की पुढची ऑर्डर जाते, हेही माहीत करून घ्यावं. आमची आधीच गेली होती, म्हणून आम्ही दाखवला. त्या काळात कागदाचे पैसे फिरले ते मास्तरांनी आणि त्यांच्या ओळखीच्या संग्राहकांनी आगाऊ दिलेल्या ऑर्डरींवर. मोठा ग्राहक नंतर परत आला होता. त्याला चहा पाजला आणि आगाऊ रक्कम मागितली. तो काही आला नाही पुन्हा.

पुठ्ठा विकत घेणाऱ्यांसाठी एवढं सांगून ठेवतो: ‘किती प्लाय’ विचारू नका, जीएसएम आणि बीएफ बिलावर लिहून मागा. ‘फ्रॅजाइल’च्या लाल स्टिकरवर पैसे घालवू नका. बेल्टवरून घसरणाऱ्या पार्सलाला ते वाचता येत नाही. त्यापेक्षा एक नमुना भरून स्वतः आपटून पाहा. पॅकिंगच्या चाचण्या ठरवणाऱ्या इस्टा या संस्थेच्या 1ए चाचणीत साडेनऊ किलोच्या आतलं पार्सल 76 सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकतात: एक कोपरा, त्याला जुळणाऱ्या तीन कडा, मग सहाही बाजू. आत जुनी टाइल भरून बघा, ती वाचली तर पुढचं बोला.

छापील चित्राला टेप लावू नका. मागच्या पुठ्ठ्यावर कागदाचे चार तिकोनी खिसे चिकटवा आणि चित्राचे कोपरे त्यात खोचा. भोवती अडीच सेंटिमीटर पुठ्ठा दिसला पाहिजे, आणि पाऊस असो नसो, प्लॅस्टिकचं आवरण हवंच. काचेची फ्रेम शक्यतो काच काढून, 2 मिलिमीटर ॲक्रिलिक घालून पाठवावी. काच जायचीच असेल तर तिच्यावर मास्किंग टेपची जाळी मारावी, म्हणजे फुटली तरी तुकडे चित्रावर फिरत नाहीत. खाकी टेप तिथे नको, तिचा डिंक काचेवरून निघता निघत नाही.

जीएसटीचं रडगाणं टाळणार होतो, पण टाळवत नाही. खोक्यावर आधी 12 टक्के, 1 ऑक्टोबर 2021 पासून 18, जुलै 2024 मध्ये परत 12 आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 5. ग्राहकाला वाटतं, खोकेवाल्याची चांदी झाली. क्राफ्ट कागद मात्र त्याच दिवसापासून 18 वर गेला. कागद घेताना 18 भरायचे, खोका विकताना 5 घ्यायचे आणि मधला फरक परताव्याच्या अर्जात अडकवून बसायचं. तेव्हा ‘टॅक्स उतरला, दर उतरवा’ असं म्हणत येणाऱ्यांना आधी कागदाचं बिल दाखवतो, मग बोलतो.

नवीन ऑर्डर देणाऱ्यांनी माप आतलं द्यावं, मिलिमीटरमध्ये, लांबी-रुंदी-उंची याच क्रमानं. बाहेरचं माप दिलं तर 5 प्लायच्या खोक्यात दोन्ही बाजूंचं मिळून दीडेक सेंटिमीटर आतून जातं आणि भर तेवढी कमी पडते. जून ते सप्टेंबर माल दोन दिवस उशिरा मिळेल. खळ पावसाळ्यात लवकर वाळत नाही, आणि ओली शीट पंचिंगला घेतली की घडीवर प्लाय सुटते. घाई असेल त्यांनी मे महिन्यातच उचलून ठेवावा, जमिनीवर नव्हे, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर सोडून.