पहाटे अडीचची पेटी, पाचचा तबला

रविवारी पहाटे अडीच वाजता मी स्टाफरूममध्ये चहाचा मग घेऊन बसते आणि फोनवर मिरज लावते. तिकडे तेव्हा सकाळचे आठ वाजलेले असतात. कुणाच्या तरी मोबाइलवरून फेसबुक लाइव्ह चालू असतं, कॅमेरा अर्धा वेळ पंख्याकडे रोखलेला, आणि खाली कोपऱ्यात बाबा पेटी वाजवत असतात. पेटीची काळी दोन दाबली की लवकर वर येत नाही. प्रत्येक गाण्यात तिथे एक सूर रेंगाळतो.

पाच वाजता माझा दुसरा ब्रेक. तिकडे साडेदहा. तेच चर्च, तीच बाकं, तोच पंखा. माणसं मात्र वेगळी आणि कॅमेरा जरा बरा. त्यात काका दिसतात, बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. समोर कीबोर्ड वाजत असतो, ठेका कीबोर्डच देतो, आणि काका दुसऱ्या बाकावर बसून मांडीवर बोटं आपटत असतात. (ही हिवाळ्याची वेळ. उन्हाळ्यात इथे घड्याळ तासभर पुढे ढकलतात, मग माझी मिरज साडेतीन आणि सहाला लागते.)

एकाच चर्चच्या दोन उपासना का, ते पुढे सांगते. आधी इथलं.

मी स्कॉटलंडमध्ये एका वृद्धाश्रमात नर्स आहे. सांगलीची एक मैत्रीण मला नेहमी विचारते, “तुमचंच राज्य की गं तिकडं! केवढी चर्चं असतील!” चर्चं आहेत. दगडी, उंच, बघत राहावं अशी. पण ग्लासगोत एका जुन्या चर्चमध्ये भिंतीवर चढायला शिकवणारं क्लाइंबिंग सेंटर आहे. काही चर्चचे फ्लॅट झालेत. मी जाते तिथे गेल्या रविवारी आम्ही अकरा जण होतो, आणि त्यात चाळिशीच्या आतली मी एकटी. ऑर्गन आहे, वाजवणारं कुणी नाही. एक आजी बटण दाबतात आणि स्पीकरमधून गाण्याची चाल सुरू होते. पहिल्या रविवारी मला रडूच आलं होतं. ज्या देशाच्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या परंपरेतून अमेरिकेत आणि तिथल्या मिशनऱ्यांबरोबर आमच्या मिरज-कोल्हापूरकडे उपासनेची ही पद्धत आली, तिथे ही गत!

पण त्याच आजींकडे एक वही आहे. प्रार्थनेच्या वेळी त्या वहीतली आजाऱ्यांची नावं वाचतात. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की सोमवार-मंगळवारी त्या प्रत्येक नावाला फोन करतात आणि बुधवारी सूप घेऊन निघतात. नाव खोडायचं ते माणूस बरं झाल्यावर, नाहीतर पुरल्यावर. मधे खोडायचं नाही.

आमच्या आश्रमात स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या लुईस बेटावरचे एक आजोबा आहेत. जन्मभर मासेमारी केलेली, आता नव्वदीच्या पुढे. तिकडचे जुने लोक शब्बाथ, म्हणजे देवाने सांगितलेला विसाव्याचा दिवस, फार कडक पाळतात. रविवारी टीव्ही लावू देत नाहीत, पेपर हातात धरत नाहीत. वाद्यांचंही तसंच. ते ज्या फ्री चर्च नावाच्या पंथाचे, तिथे २०१० सालापर्यंत उपासनेत वाद्य नव्हतंच, फक्त स्तोत्रं. एकाने ओळ सुरू करायची आणि बाकीच्यांनी मागून ओढत न्यायची. त्यांच्या गेलिक भाषेतलं ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपल्याकडचे टाळकरीच आठवले, फक्त टाळ नव्हते. ड्रम वाजवणाऱ्या चर्चबद्दल विचारलं तर आजोबा तोंड वाकडं करून म्हणतात, “तो बाजार.”

एका रविवारी सकाळी मी त्यांची दाढी करत होते. वस्तऱ्याने नाही, साध्या रेझरनेच, पण त्यांना साबणाचा फेस ब्रशनेच लावायचा असतो. गरम पाण्याचा टॉवेल गालावर दोन मिनिटं. मग एका हाताने कातडी ताणून धरायची, कारण नव्वदीतली कातडी रेझरबरोबर सरकते. हनुवटीखाली जुन्या गळाची खूण आहे, तिथे जपून. अर्ध्यात ते म्हणाले, “तुझी उपासना बुडते माझ्यापायी.”

मी म्हटलं, “तुमच्या हिशोबाने आज दाढी करणंसुद्धा पाप ना?”

त्यांनी डोळे न उघडता उत्तर पाठ म्हटलं. शब्बाथ कसा पाळावा, तर गरजेची आणि दयेची कामं सोडून बाकी सगळं थांबवून. वेस्टमिन्स्टरची ती धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं १६४७ सालची. मीही लहानपणी शब्बाथशाळेत मराठीतून घोकली होती, पहिल्या उत्तराला चॉकलेट मिळालं होतं आणि बाकीची विसरले. “दाढी ही माझी गरज,” आजोबा म्हणाले, “आणि तुझ्याकडून दया. तेव्हा चालू दे.”

घरी येऊन मी त्या शब्दांमागे लागले. बायबलच्या जुन्या करारात देवाच्या उपासनेला जो हिब्रू शब्द आहे, ‘अवोदा’, तोच शेतातल्या राबण्यालाही आहे. उपासनेसाठीच्या ‘लितुर्गिया’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ नगरासाठी पदरमोड करून केलेलं सार्वजनिक काम. आणि आपली उपासना? उप आणि आस. जवळ बसणं. एवढंच. हा शब्द रोज वापरत होते आणि कधी उघडून पाहिला नव्हता.

आमच्याकडे हल्ली ‘वर्शिप’ म्हणजे सुरुवातीची वीस मिनिटांची गाणी. “आता वर्शिप घेऊ या, मग वचन,” असं सर्रास बोलतात. म्हणजे वचन, प्रार्थना, दान हे वर्शिपच्या बाहेरचं! मला हे खटकतं, पण तक्रार करायला मी कोण? नर्सिंगला असताना मीच ड्रम हवेत म्हणून बाबांशी तीन दिवस अबोला धरला होता.

भांडण तिथूनच पेटलं. चर्चचं नाव लिहीत नाही, शेवटी घरचं आहे. वरवर पाहिलं तर पेटी की कीबोर्ड, जुनी गीतं की नवी. आत पंच कमिटीची निवडणूक, आवाराची जागा आणि तिजोरीची किल्ली. गंमत म्हणजे दोन्ही बाजू रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंच नाव घेत. जुने म्हणायचे, टिळकांनी आपल्याला अभंग दिले, भजन दिलं, ते सोडून हे इंग्रजी कशाला? नवे म्हणायचे, टिळकांनी तरी मिशनऱ्यांच्या चालीच गात बसायला हव्या होत्या मग! दोघांचंही अर्धं बरोबर. पण टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात राहायला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, तो काही चालींसाठी नव्हे. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एका ठिकाणी भाऊ म्हणून बसावेत, ही त्यांची धडपड होती. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. साताऱ्यातला तो दरबार आमच्या वादात कुणी काढला नाही. त्यात बसायचं तर शेजारी कोण ते निवडता येत नाही ना.

शेवटी तोडगा निघाला, त्याला तोडगा म्हणायचं तर. आठ वाजता एक गट, साडेदहाला दुसरा. किल्ली शिपायाकडे. बाबांची पेटी आठात गेली, काकांचा तबला साडेदहात. तीस वर्षं दोघांनी एकत्र साथ केलेली. बाबांनी पहिल्या रविवारी ठेक्याशिवाय गाणं उचललं आणि दुसऱ्या कडव्यात लय कुठल्या कुठे गेली. काकांचं वेगळंच. ज्यांच्यासाठी भावाशी भांडले, त्यांच्या कीबोर्डातच तबला होता.

मग २०१९चा ऑगस्ट आला. सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली होती. सांगलीवाडी, गावभाग पाण्यात. मिरज गाव उंचावर, त्यामुळे जिकडेतिकडे माणसं येऊन उतरली. आमच्या चर्चचा हॉल शिपायाने कुणालाच न विचारता उघडला. कमिटी नक्की कुठली, हा प्रश्न असल्यामुळे विचारणार तरी कुणाला!

बाकं भिंतीला लावली. सतरंज्या अंथरल्या. व्यासपीठावर, जिथे प्रभुभोजनाचं मेज असतं, तिथे औषधांची खोकी आणि बाळांचं दूध. मी ड्युटी करून आले की तापाची माणसं बघायचे. मागच्या व्हरांड्यात चूल. आठवाल्या बायका आणि साडेदहावाल्या बायका एकाच परातीभोवती बसून कणीक मळत होत्या, आणि काकू आईला पहिलं वाक्य बोलली ते, “वहिनी, मीठ घातलं का?” सांगलीवाडीच्या एक आजी देवघरातला पितळी बाळकृष्ण पदरात बांधून घेऊन आल्या होत्या. कुठे ठेवू म्हणाल्या. आईने खिडकीचा कट्टा पुसून दिला. कुणी काही बोललं नाही. एकदोघांच्या कपाळावर आठ्या आल्या, नाही असं नाही, पण त्यांच्याही हातात तेव्हा भांडीच होती.

त्या आठवड्यात रविवार येऊन गेला आणि उपासना झाली नाही. आठचीही नाही, साडेदहाचीही नाही. संध्याकाळी पाळकसाहेबांच्या लक्षात आलं. ते हॉलच्या दारात चप्पल काढायला थांबले, आत पाहिलं, जेवणाआधीच्या प्रार्थनेपेक्षा जास्त काही म्हणाले नाहीत आणि वाढायला लागले. येशू शोमरोनी बाईला विहिरीवर भेटतो ती गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. ती विचारते, भजन आमच्या डोंगरावर करायचं की यरुशलेमेत? तो म्हणतो, बाई, इथेही नाही नि तिथेही नाही, आत्म्याने आणि खरेपणाने. मी हे शंभर प्रवचनांत ऐकलं असेल. त्या संध्याकाळी बटाट्याची भाजी वाढताना मला पहिल्यांदा वाटलं की बाईचा प्रश्न आमचाच होता, आठ की साडेदहा.

पुढे सगळं छान झालं असं लिहायला आवडलं असतं. पाणी ओसरलं, माणसं चिखल काढायला घरी गेली, आम्ही हॉल धुतला, बाकं जागेवर लावली, आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा आठ आणि साडेदहा. मला त्याचा इतका राग आला की मी परदेशाचे फॉर्म भरले, असं मी विनोदाने सांगते. सगळाच विनोद नाही तो.

मागच्या नोव्हेंबरात सुट्टीवर गेले तेव्हा उपकारस्तुतीचा सण होता. हा एकच दिवस दोन्ही गट एकत्र असतात, कारण लिलावाला गर्दी लागते. ज्याच्या घरी जे पिकलं ते वेदीपुढे आणायचं. हळदीची कांडी, तासगावचे बेदाणे, शाळूची पोती, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना संपली की त्याचा लिलाव आणि पैसे चर्चला. त्यात एक लाल भोपळा होता, पाळण्यात मावेल एवढा. बाबांनी शंभरपासून सुरुवात केली. मागून काकांचा आवाज आला, “दोनशे.” लोक हसायला लागले. पाचशे, सातशे, हजार. बाबा मागे वळून न बघता आकडा वाढवत होते. अठराशेला आईने त्यांचा शर्ट ओढला. काकांनी एकोणीसशेला भोपळा उचलला.

त्या दिवशीचं वचन मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं होतं. वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. पाळकसाहेबांनी ते वाचलं आणि त्यावर प्रवचन मात्र हंगामाचं केलं. हुशार माणूस आहे.

संध्याकाळी काकूने परातीत अर्धा भोपळा पाठवला. निरोप काही नाही. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून आईने रात्रीच किसून, गूळ घालून, घारगे तळले. बाबांनी तिसरा खाताना “गूळ कमी पडलाय” एवढंच म्हटलं. सकाळी परात घेऊन मी निघाले तर दारातून हाक आली, “त्याला म्हणावं, तबल्याची पुडी बदलून घे. न वाजवता ठेवला की सैल पडते.”

काकांनी निरोप ऐकला. घारगा मोडला, अर्धा काकूला दिला.

“आणि त्याची काळी दोन अजून चिकटते का गं?”

“चिकटते,” मी म्हटलं. “स्कॉटलंडपर्यंत ऐकू येते.”