माझी साइट आणि मोडकी शिरोरेषा

दिवाळी अंकांत छापून आलेले माझे लेख इंटरनेटवर एका जागी असावेत, एवढीच माझी गरज होती. भाचा पुण्यात वेबसाइट बनवायचंच काम करतो. त्याने ऐकल्या ऐकल्या रिअ‍ॅक्ट आणि नेक्स्ट जेएस या साइट बांधायच्या भारी अवजारांचं नाव घेतलं. ‘‘मामा, उद्या काही वाढवायचं म्हटलं तर?’’ वाढवायचं काय, तर वर्षाकाठी दोन-तीन लेख! वर्डप्रेसही बघितलं, पण तिथे डेटाबेस आला, प्लगइन आले आणि त्यांचे अपडेट आले. ही उस्तवार निस्तरायला मला वेळ नाही.

शेवटी ह्यूगो नावाचं साधन घेतलं. लेख मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात थोड्या खुणा घालून लिहायचा, ते त्याची साधी एचटीएमएल पानं करून देतं. पानं गिटहब पेजेस या सेवेवर फुकट राहतात. मर्यादा १ जीबीची, आणि माझा आजवरचा सगळा मजकूर काही एमबींतच संपतो. एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीसुद्धा मिळते. पैसे लागले ते फक्त डोमेनचे, म्हणजे साइटच्या नावाचे. इथवर काम सरळ होतं.

वेळ खाल्ला तो मराठीने. जुने लेख युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. त्यात अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं. कन्व्हर्टरमधून काढल्यावर ‘स्थिती’ची ‘सि्थती’ झाली आणि ‘वर्षांपूर्वी’चं ‘वषार्ंपूवीर्’. नेहमीच्या चुका शोधून-बदलून निघाल्या, बाकीचं सगळं डोळ्यांत तेल घालून वाचावं लागलं. (प्रुफं तपासणाऱ्यांबद्दलचा माझा आदर या काळात फार वाढला.)

मग थीम, म्हणजे साइटची तयार सजावट. डेमोमध्ये देखणी होती, पण माझा मथळा टाकला आणि शिरोरेषेचे तुकडे पडले. इंग्रजी अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून थीमवाल्याने लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर दिलं होतं. ते शून्य केल्यावर रेघ जुळली. ओळीची उंची अक्षरांच्या आकाराच्या १.७ पट केली, कारण वर मात्रा-रफार आणि खाली उकार, दोन्हींना जागा हवी. पानाची भाषा ‘एमआर’ अशी नोंदवली. ज्या फॉन्टमध्ये सोय असते तिथे त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे येतात. तरी मजकुरासाठी मी टिरो देवनागरी मराठी हाच फॉन्ट निवडला. त्यात ही वळणं मुळातच आहेत. मथळ्यांना मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता.

लेखांचे पत्ते मात्र रोमनमध्ये ठेवले, आणि ते मनाविरुद्ध. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) ३ बाइट घेतं, आणि लिंकमध्ये त्याची टक्के-चिन्हांसकट ९ अक्षरं होतात. नुसत्या ‘माझा’ची ३६! अशी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर माझी बहीणसुद्धा ती उघडणार नाही.

शोधाची सोय पेजफाइंडने झाली. ते ब्राउझरमध्येच चालतं, सर्व्हर लागत नाही. पण ‘दुसऱ्या’ शोधलं की निम्मे लेख गायब. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुठे नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, तर कुठे साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला ते दोन वेगळे शब्द. मी सगळीकडे पहिली तऱ्हा केली. आता नवा लेख चढवण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) तेवढं बदलून घेते.