आमची सुपरहिरो टीम, डोंबिवलीतले रविवार आणि चौदा सेशन : माझा अनुभव

आम्ही पाच जण कॉलेजपासूनचे मित्रमैत्रिणी, आता सगळे तिशीच्या आसपास, आणि भेटणं म्हणजे कुणाचं तरी लग्न नाहीतर बारसं एवढंच उरलं होतं. गेल्या वर्षी जानेवारीत ठरवलं की महिन्यातून दोन रविवार माझ्या घरी डोंबिवलीला बसायचं आणि टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळायचा, तोही सुपरहिरोंचा. डंजन्स अँड ड्रॅगन्स आमच्यातल्या दोघांनी आधी खेळलेला, पण तलवारी आणि ड्रॅगन यापेक्षा मुंबईच्या गच्च्यांवरून उड्या मारणारी माणसं सगळ्यांनाच जास्त जवळची वाटत होती. जीएम मी व्हायचं ठरलं, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी, खलनायकापासून चहावाल्यापर्यंत बाकीची सगळी माणसं बोलणारी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणं नाही. प्रत्येकाचं एक कॅरेक्टर, त्याचा एक कागद, तुम्ही सांगता माझा हिरो काय करतोय, आणि जिथे निकाल काय लागेल हे कुणालाच माहीत नाही तिथे फासे टाकायचे. माझी आई पहिले दोन महिने पोहे घेऊन आली की विचारायची, "कोण जिंकतंय गं?" तिला समजावता समजावताच मलाही गेम जास्त नीट कळत गेला.

पहिला प्रयत्न आम्ही म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्सने केला. 2002 पासूनचा गेम आहे, खूप मानाचा, आणि त्यात तुम्हाला सुचेल ती पॉवर बनवता येते. पण त्यासाठी पॉइंट मोजून घ्यावे लागतात, नेहमीच्या पॉवर लेव्हल 10 च्या हिरोला 150 पॉइंट. आमचे दोन रविवार नुसते कॅरेक्टर बनवण्यात गेले, एकाने एक्सेल शीट केली, एकीला आकडेमोडीतून आपली हिरो कोण आहे तेच सापडेना, आणि तिसऱ्या रविवारी बँकेतल्या दरोड्याची एक मारामारी अडीच तास चालली. गेममध्ये खोट नाही, ज्यांना बारकाईने बांधणी करायला आवडतं त्यांनी जरूर खेळावा. आमच्याकडे रविवारचे चार तास होते आणि त्यात आम्हाला माणसं हवी होती.

मग मी मास्क्स वाचायला घेतला, 2016 चा गेम, मॅग्पाय गेम्सचा, ब्रेंडन कॉनवेने लिहिलेला. वाचताना दुसऱ्याच प्रकरणात मी थांबले आणि रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज टाकला की सापडला. यात तुम्ही किशोरवयीन हिरो असता. तुमची ताकद किती, वेग किती असले आकडेच नाहीत, एका हाताने ट्रक उचलणारा आणि नुसता चपळ पोरगा एकाच कागदावर खेळतात. आकडे आहेत ते तुम्ही स्वतःला काय समजता त्याचे. पाच लेबलं, प्रत्येक उणे 2 ते अधिक 3 मध्ये. आणि तुमच्यावर ज्याचा प्रभाव आहे असा कुणी तुम्हाला सांगतो की तू असा आहेस, तेव्हा ती लेबलं हलतात, एक वर जातं दुसरं खाली येतं, किंवा तुम्ही ते नाकारायचं ठरवता आणि फासे टाकता. आणि नियमच असा की मोठ्या माणसांचा प्रभाव सगळ्या पोरांवर आधीपासूनच असतो. काका, मामा, आत्या, क्लासचे सर, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांचा! हे वाचून मला वाटलं हा गेम आपल्या घरांसाठीच लिहिलाय.

फासेही साधे लागतात, दोन नेहमीचे सहा बाजूंचे, ते आम्ही व्यापारच्या जुन्या डब्यातून काढले. दहा किंवा जास्त आलं तर छान, सात ते नऊ आलं तर काम होतं पण काहीतरी किंमत द्यावी लागते, सहा किंवा कमी आलं तर मिस. लेबलाचा आकडा न मिळवता, नुसत्या फाशांवर 36 शक्यतांपैकी 15 वेळा मिस येतो, म्हणजे बराच येतो, पण मिस झाला की आपल्या कागदावर पोटेन्शियलचा, म्हणजे शिकण्याचा, एक चौकोन भरायचा आणि पाच भरले की हिरो काहीतरी नवीन शिकतो. त्यामुळे आमच्याकडे फासे वाईट पडले की कुणी तोंड पाडत नाही.

खेळायच्या आधी आम्ही एक पूर्ण सेशन नुसतं बोलण्यात घालवलं, याला सेशन झिरो म्हणतात, आणि जो कुणी नवीन ग्रुप सुरू करतोय त्याने हे अजिबात गाळू नये. गेममधलं शहर काल्पनिक आहे, आम्ही ते बाजूला ठेवून मुंबईच घेतली. मग काय नको ते ठरवलं. बोरिवलीहून येणारा मित्र लगेच म्हणाला, "लोकलमध्ये स्फोट नको." 11 जुलै 2006 ला लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा तो शाळकरी मुलगा होता आणि त्यांच्या मजल्यावरचे एक काका त्यातल्या एका गाडीत होते. आम्ही एवढी वर्षं ओळखतो त्याला, हे कुणालाच माहीत नव्हतं. कागदावर लिहिलं, स्फोट नाही, आणि त्यावर चर्चा केली नाही. टेबलावर एक्स कार्डही ठेवलं, साधा कागदाचा तुकडा, त्यावर फुली, कुणालाही काही नकोसं वाटलं की त्याने बोट ठेवायचं आणि कारण न विचारता ती गोष्ट कथेतून काढायची. जॉन स्टॅव्ह्रोपोलस नावाच्या माणसाची ही कल्पना आहे, जगभर वापरतात.

टीम अशी झाली. एक मैत्रीण मूळची वरळीची, तिने कोळीवाड्यातली मुलगी घेतली जिच्या रागाबरोबर समुद्र चढतो, नाव उधाण. बोरिवलीवाल्याने पहारेकरी घेतला, गिरगावच्या चाळीतला, आजोबा पहिले पहारेकरी, आत्या आत्ताची, आणि वडिलांनी मुखवटा मधेच टाकून दिलेला. एकीने लहानपणी मल्लखांब केलाय, तिची हिरो बिनशक्तीची, नुसता दोर आणि शरीर, आणि एवढ्यावर ती या सगळ्यांच्या बरोबरीने उभी राहणार. आणि चौथा मित्र, टीममध्ये सगळ्यात कमी बोलणारा, त्याने असा मुलगा घेतला ज्याचं अंग काळा दगड झालंय आणि जो आता आईच्या समोर खुर्चीत बसू शकत नाही कारण खुर्ची मोडते. नाव कातळ.

पहिली तीन सेशन जमली नाहीत. पुस्तक इंग्लिश, शीट इंग्लिश, त्यामुळे आम्ही आपसात मराठीत बोलायचो पण कॅरेक्टरचं तोंड उघडलं की इंग्लिश यायचं, आणि ते सगळं कुठेतरी पाहिलेल्या सिरीजसारखं वाटायचं. पहारेकऱ्याचे आजोबा मी बोलायचे, ते पण इंग्लिशमध्ये, गिरगावातले ऐंशी वर्षांचे आजोबा! मित्र ऐकायचा, नियमाप्रमाणे लेबल हलवायचा आणि पुढे जायचा. मला घरी आल्यावर, म्हणजे सगळे गेल्यावर, रिकाम्या बशा उचलताना फार वाईट वाटायचं की एवढी तयारी करते आणि काहीच लागत नाही कुणाला.

चौथ्या सेशनला पहारेकरी एका चोराच्या मागे धावताना एका म्हाताऱ्या भाजीवालीला वाचवायचं सोडून गेला होता. तो घरी येतो, आजोबा गॅलरीत बसलेत. मी मुद्दाम ठरवलं नव्हतं, पण तोंडातून मराठीच आलं. मी म्हटलं, "जेवलास? बरं. ताट झाकून ठेवलंय. आणि ऐक, तुझा बाप पण असाच होता हो, पुढचं दिसायचं त्याला, बाजूचं नाही."

मित्र गप्प. खरंच गप्प, फासे हातात तसेच. मग हळूच म्हणाला, "मी नाकारत नाही. मानतो." 'तारणहार' हे लेबल एकने खाली, 'धोका' हे लेबल एकने वर. तो दुसऱ्या खोलीत जाऊन पाणी पिऊन आला. त्या दिवसापासून टेबलावर इंग्लिश संवाद बंद झाले, कुणी नियम केला नाही, आपोआप झाले.

मग मी शीटच मराठीत केली आणि ते काम माझ्या आयुष्यातल्या आवडत्या कामांपैकी एक आहे. धोका, विचित्र, तारणहार, साधा ही चार लेबलं पटकन झाली. पाचवं, स्वतःला इतरांपेक्षा हुशार आणि वरचा समजणं, त्याला 'श्रेष्ठ' लिहिलं तर ते आरतीतल्यासारखं वाटायला लागलं, दोन दिवस अडलं होतं, शेवटी आईने भाजी निवडता निवडता शब्द दिला, वरचढ. एकदम बसला. मग कंडिशन्स. या गेममध्ये जखमा नाहीत, मार लागला की मनाला लागतो, तर घाबरलेला, चिडलेला, अपराधी, हताश हे सोपे, पण पाचव्यावर ग्रुपवर दीडशे मेसेज झाले. न्यूनगंड हा शब्द डॉक्टरी वाटतो, असुरक्षित म्हटलं की रस्त्यावरचा अंधार आठवतो. शेवटी डळमळीत ठेवला. "मी डळमळीत आहे" हे आता आम्ही ऑफिसमधूनही एकमेकांना पाठवतो आणि समोरच्याला बरोबर कळतं काय झालंय.

या कंडिशन्स जातात कशा हे मला सगळ्यात आवडतं. चिडलेला असाल तर कुणालातरी दुखवावं किंवा महत्त्वाचं काहीतरी मोडावं लागतं. घाबरलेला असाल तर कठीण गोष्टीपासून पळावं लागतं. डळमळीत असाल तर टीमला न विचारता एखादा अविचार करावा लागतो. नाहीतर मग कुणीतरी येऊन तुमची समजूत काढली आणि तुम्ही मन मोकळं केलंत तर. म्हणजे सोळा वर्षांची पोरं जशी वागतात तसंच वागायला नियम भाग पाडतात.

याचा त्रासही झाला. सातव्या सेशनला मल्लखांबवाली उधाणला म्हणाली, "तू असलीस की सगळं बुडतंच." कॅरेक्टरचं वाक्य होतं, त्या प्रसंगात बरोबरही होतं, पण उधाण खेळणारी मैत्रीण त्या महिन्यात नोकरीवरून खूप ताणात होती आणि तिने एक्स कार्डवर बोट ठेवलं. आम्ही थांबलो, चहा केला, वाक्य कथेतून काढलं. नंतर दोघी जिन्यात बराच वेळ बोलत होत्या. त्यानंतर आम्ही एक सवय लावून घेतली, असं बोचणारं काही बोलायचं असेल तर आधी नुसतं विचारायचं, "चालेल?" आणि माझा अनुभव असा की विचारल्याने धार कमी होत नाही, उलट समोरचा तयारीने ते अंगावर घेतो.

बाकी अडचणी नेहमीच्याच. मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक, त्यामुळे दहाचं सेशन साडेअकराला सुरू. गणपतीत महिनाभर काहीच नाही. कातळवाला पुण्याला बदली होऊन गेला तेव्हा वाटलं संपलं आता, पण लॅपटॉप पाण्याच्या बाटलीला टेकवून त्याला टेबलाच्या एका टोकाला बसवला आणि त्याचे फासे तो तिथे टाकायचा, आम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचो.

शेवटच्या दोन सेशनसाठी मी पाऊस घेतला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, आमच्यातल्या प्रत्येकाकडे त्या रात्रीची आपापली गोष्ट आहे, आणि या वेळी मी आधी प्रत्येकाला वेगळा फोन करून विचारलं की चालेल का. सगळे हो म्हणाले. नुसता पाऊस मुंबई बुडवत नाही, पाऊस आणि भरती एका वेळी आली की मिठी नदीचं पाणी माहीमच्या खाडीतून बाहेर पडू शकत नाही, मागे फिरतं. महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते, आमचा खलनायक, पहारेकऱ्याच्या घराण्याचा जुना वैरी, तोच तक्ता समोर ठेवून पंप बंद पाडत होता.

उधाण खाडीच्या तोंडाशी उभी राहिली, भरती अडवायला. तिच्या प्रकारच्या हिरोला शक्ती साठवताना जेवढ्या कंडिशन्स अंगावर तेवढे अधिक मिळतात. तिच्या तीन होत्या. फाशांवर सहा, अधिक तीन, नऊ. शक्ती मिळाली आणि चौथी कंडिशन आली. मग वैऱ्याचा घाव, आणि घाव झेलताना उलटं असतं, जितका आकडा मोठा तितकं वाईट. सहा अधिक चार, दहा. तिने नियमातली परिणामांची यादी वाचली आणि म्हणाली, "माझा ताबा सुटतो." खोलीत कुणी हललं नाही. समुद्र माहीमच्या रस्त्यावर चढतोय, मल्लखांबवाली दोर टाकून लोकांना वर ओढतेय, पहारेकरी वैऱ्याला हातातून सोडून बाजूला बघतो, बाजूला! आणि धावतो. आजोबांचं वाक्य त्याने नऊ महिने लक्षात ठेवलं होतं. कातळ पाण्यात उतरून उधाणच्या समोर उभा राहिला, लाटा त्याच्या अंगावर फुटत होत्या, आणि पुण्याच्या त्या लॅपटॉपमधून आवाज आला, "मी मोडत नाही. तुझं होईपर्यंत मी इथेच आहे." ती रडत होती. मैत्रीण पण, कॅरेक्टर पण. आई दारात उभी होती, तिने काही विचारलं नाही.

सेशन संपताना प्रत्येकाने निवडायचं असतं, टीमच्या जवळ जायचं, टीमपासून लांब व्हायचं, की स्वतःच्या मनातल्या स्वतःकडे जायचं. तिघांनी जवळ निवडलं. कातळवाला थोडा वेळ शीटकडे बघत बसला, मग त्याने विचित्र एकने खाली आणला, साधा एकने वर नेला आणि खोडरबराने मळलेला तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला. म्हणाला, "घरी जातो. आई जमिनीवर पान मांडते आता, दोघांचं."